गरिबी आणि गुन्हे: जिल्ह्याचे आकडे कसे ताडून पाहावेत

गरिबीमुळे गुन्हे वाढतात का, हे ताडायचं तर सुरुवात खुनांपासून करा. मारहाण, विनयभंग, घरगुती छळ यांची नोंद तक्रार करणाऱ्याच्या हिमतीवर आणि ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर असते. खून दडवणं अवघड. केरळचा एकूण गुन्हेदर फुगलेला दिसतो, त्यामागे नोंदणीची सवयही आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालातून सलग 5 वर्षांचे आकडे काढून सरासरी घ्या. वर्षाला सरासरी 45 खून आणि लोकसंख्या 30 लाख असेल, तर दर लाखाला 1.5. लहान जिल्ह्यात एकाच वर्षावर विसंबलात तर दोन-चार घटनांनीही दर उडी मारतो.

गरिबीसाठी नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक (आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांवरून मोजलेली गरिबी) जिल्हावार मिळतो. गाडी अडते ती हद्दीवर. पोलिसांचा जिल्हा आणि महसुली जिल्हा नेहमी एक नसतो: नागपूर शहर वेगळं, ग्रामीण वेगळं. 2020 साली झालेलं मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय तर ठाणे आणि पालघर दोन्हींत पसरलंय. आधी पोलिसांचे घटक जोडा, मगच भागाकार करा. लोहमार्ग (रेल्वे) पोलिसांचे आकडे बाजूला ठेवा.

आणखी एक मेख: एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तरी मोजला जातो फक्त सर्वांत गंभीर गुन्हा. त्यामुळे बाकीचे गुन्हे थोडे कमीच दिसतात.

शेवटी खुनाच्या कारणांचा तक्ता उघडाच. वाद, जमीन, वैर हे रकाने लुटीपेक्षा जड निघतात. ‘गरीब म्हणून मारतो’ हे गणित तिथेच डळमळतं.