मोबाइल कंपन्या एक झाल्या आणि रेंज गेली? पोर्ट करण्याआधी या चुका टाळा

३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, तेव्हा अनेकांनी धरून चाललं की आता टॉवर दुप्पट, म्हणजे रेंजही दुप्पट. पहिली चूक इथेच होते. दोघींचे टॉवर जवळजवळ असतील तर एकच ठेवायचा आणि भाडं, वीज वाचवायची, हा विलीनीकरणातला मोठा हिशेब असतो. बंद झालेला टॉवर नेमका तुमच्या घराजवळचा असेल, तर स्वयंपाकघरात लागणारा फोन गॅलरीत येऊन लावावा लागतो. दोघींचं स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नलसाठी मिळालेल्या रेडिओ लहरी, एकत्र आलं की फोरजीचा वेग वाढू शकतो, पण ते जोडकाम एकेका सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात), टप्प्याटप्प्याने होतं. त्यातच सरकारी शुल्क कंपन्यांच्या कोणत्या कमाईवर मोजायचं, याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ च्या एजीआर निकालाने या एकत्र झालेल्या कंपनीवर हजारो कोटींचं देणं आलं. जिओ आणि एअरटेलचं फाइव्हजी २०२२ मध्ये सुरू झालं. या कंपनीचं मुंबईत यायला मार्च २०२५ उजाडला.

तरीही रागाच्या भरात पोर्ट करू नका, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू नका. एकदा पोर्ट केलं की पुढचे ९० दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही, हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.

आधी शेजारी त्याच कंपनीचं सिम वापरणारं कुणी असेल तर त्यांचा फोन पाहा. त्यांना रेंज असेल तर दोष बहुधा तुमच्या फोनमध्ये किंवा सिममध्ये आहे. सिम थ्रीजीच्या काळातलं असेल तर स्टोअरमधून बदलून घ्या. नेटवर्क निवड ऑटोमॅटिकवर ठेवा, कारण पूर्वी हाताने निवडलेलं नेटवर्क बंद झालं असेल तर फोन त्यालाच शोधत बसतो. व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून कॉल लावायची सोय, चालू आहे ना, तेही बघा.

तरी पोर्ट करायचंच असेल, तर नव्या कंपनीचं सिम असलेल्या पाहुण्याला घरात बोलवा आणि आतल्या खोलीतून कॉल लावायला सांगा. नकाशावरच्या रंगांपेक्षा ही परीक्षा खरी. पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स मात्र नव्या कंपनीत येत नाही.

तक्रार फक्त तोंडी करणं, ही आणखी एक चूक. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्याच. तोडगा पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.