फिजिशियन असिस्टंट व्हायचंय? मग हे आधी वाचा

नीटचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. ठाण्यातल्या ओळखीपाळखीतलं कुणीतरी असतं. ‘ताई, एमबीबीएसला नंबर लागत नाही, बीएएमएसमध्ये मन नाही. पीएचं करू का?’ पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंटची माहिती घेणारा, नोट्स लिहिणारा, ऑपरेशनमध्ये हात देणारा. मी तेच काम करते, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: डॉक्टर होता आलं नाही म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. या कामात सही डॉक्टरांची असते आणि शेवटपर्यंत त्यांचीच राहते. आपण स्वतंत्र दवाखाना टाकू शकत नाही, स्वतःच्या नावावर औषध लिहू शकत नाही. हे ज्याला सलणार असेल त्याने सरळ एक वर्ष रिपीट करावं.

ज्यांना सलत नाही, त्यांच्यासाठी पुढचं.

आपल्याकडे ही शाखा हृदयशस्त्रक्रियेच्या दारातून आली. १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात तो १९६५ पासूनच होता. आपल्याकडे पीए लागला त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. रेसिडेंट डॉक्टर शिकून निघून जातात, पीए त्याच युनिटमध्ये टिकतो. सर्जन सरांना टाका कसा लागतो, कुठला पेशंट कधी बिघडू शकतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आता ही शाखा संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत आहे.

प्रवेशाला बारावी सायन्स लागते, बायोलॉजीसह. मग बहुतेक ठिकाणी चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. कॉलेज निवडताना इमारतीची काच आणि कँटीन बघू नका. कुठल्याही सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या ओपीडीत जाऊन उभे राहा. नेरूळ, कामोठ्याला मोठी शिकवणारी हॉस्पिटलं आहेत, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तर पाय ठेवायला जागा नसते. गर्दी म्हणजे काय, ते तिथे एकदा पाहून घ्या आणि मग तुमच्या यादीतलं कॉलेज त्याच्याशी ताडून बघा. पेशंटच नसतील तर शिकणार कुणावर? तिथल्या सीनियरला एकच प्रश्न विचारा: इंटर्न स्वतः हिस्ट्री घेऊन नोट्स लिहितात, की नुसते रिपोर्ट आणायला पळतात?

पहिलं वर्ष अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत जातं, ते सगळ्यांचंच जातं. जीव ओतायचा तो फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या अभ्यासात. एक उदाहरण देते. ऐरोलीचे एक काका बायपाससाठी भरती झाले. कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर ‘बीपीची एक आणि शुगरची एक’. काकूंनी पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढला, त्यात कापलेल्या स्ट्रिपा. एका तुकड्यावर अर्धंच नाव उरलं होतं, पण मागच्या बारीक अक्षरांत अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्ताची गुठळी होऊ न देणारी दोन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये. ठरलेल्या बायपासच्या आधी क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस बंद ठेवतात, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आवरत नाही. ‘शेवटची कधी दिली?’ ‘काल रात्री, जेवल्यावर.’ मी सरांना फोन लावला. काकांची तब्येत स्थिर होती, सरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. निर्णय त्यांचा, डबा उघडून बघणं हे माझं काम.

ऑपरेशन थिएटरचं आकर्षण सगळ्यांना असतं, आणि ते खोटं नाही. बायपासमध्ये सर छाती उघडत असताना पीए पायातली सॅफेनस शीर काढतो, पुढे तीच हृदयाला जोडतात. बारीक फांद्या एकेक करून बांधायच्या किंवा क्लिप लावायच्या, शीर ओढायची नाही, मग सिरिंजने हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं सलाईन हलक्या हाताने सोडून कुठे गळती आहे का पाहायचं. जोर लावला तर शिरेच्या आतला थर दुखावतो आणि ग्राफ्ट, म्हणजे जोडलेली ती शीर, पुढे बंद पडू शकतो. हे हात यायला वेळ लागतो. अर्थात, सगळ्याच विभागांत इतकं करायला मिळत नाही.

बाकी दिवस कागदांत जातो: राउंडच्या नोट्स, डिस्चार्ज समरी, कॅशलेससाठी विमा कंपनीने काढलेल्या शंकांना उत्तरं. कंटाळवाणं आहे, हो. पण घरी गेल्यावर पेशंटच्या हातात फक्त ती समरी असते, म्हणून गोळ्यांच्या वेळा मी नातेवाइकांना मराठीत समजावून सांगते आणि त्यांच्याकडून परत वदवून घेते.

सुरुवातीचा पगार इंजिनिअर चुलतभावाला सांगण्यासारखा नसतो. घर ठाण्यात असेल आणि नोकरी नवी मुंबईत, तर ट्रान्सहार्बर लोकल आहे म्हणून निभतं. भाड्याची खोली घेतली तर हाती फार उरत नाही. आणि अमेरिकेचं स्वप्न कुणी विकत असेल तर सावध राहा. तिथली पीएची परीक्षा द्यायला तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून शिकलेलं असावं लागतं. इथली पदवी त्यासाठी चालत नाही.

मुलाखतीत बहुतेक एक केस मांडायला सांगतात. वय, तक्रार, किती दिवसांची, आधीचे आजार, औषधं, तपासणी, याच क्रमाने, दोन मिनिटांत. इंटर्नशिपमध्ये रोज एक केस मोठ्याने मांडायची सवय लावा, ऐकायला रूममेट असला तरी चालेल. आणि लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सरांची सही त्या विभागातली पोस्टिंग संपेल त्याच दिवशी घ्या. नंतर सर सुट्टीवर असतात, नाहीतर दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेले असतात.