संकल्प म्हणून टॅटू किंवा पिअर्सिंग करायचंय? मग तयारी अशी करा

टॅटू किंवा पिअर्सिंग फक्त छान दिसतं म्हणून केलं तरी काही बिघडत नाही. पण काही जणांना ते एखाद्या संकल्पाची, गेलेल्या माणसाची, मोठ्या आजारातून बाहेर आल्याची किंवा श्रद्धेची खूण म्हणून अंगावर हवं असतं आणि हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय. माझं ठाम मत आहे की यातली साधना सुईच्या त्या तासाभरात फार थोडी असते, खरी ती आधीच्या तयारीत आणि नंतर जखम भरेपर्यंतच्या दिवसांत असते, आणि बहुतेक लोक नेमकं हेच दोन्ही उरकून टाकतात.

जुन्या परंपरा बघितल्या तरी हेच दिसतं. थायपूसम या तमिळ सणाला मुरुगनचे म्हणजे कार्तिकेयाचे भक्त गालातून, जिभेतून वेल नावाचे बारीक भाले आरपार घेतात, फोटो सगळे त्या क्षणाचे असतात, पण त्याआधी कितीतरी जण ४८ दिवसांपर्यंत शाकाहार, ब्रह्मचर्य आणि रोजची प्रार्थना असं व्रत पाळतात ते फोटोत येत नाही. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर पुरुषांचं पेआ हे गोंदण कमरेपासून गुडघ्यापर्यंत असतं, हाताने ठोकायच्या अवजारांनी ते कित्येक दिवस चालतं, घरची माणसं शेजारी बसून असतात, आणि ते अर्धवट सोडणं तिथे कमीपणाचं मानतात. म्हणजे दुखणं हा एक भाग झाला, त्याच्याभोवती माणसं, नियम आणि वेळ यांची अख्खी व्यवस्था असते. आपण स्टुडिओत जाऊन करून घेतो तेव्हा ती व्यवस्था तयार मिळत नाही, आपली आपल्याला उभी करावी लागते.

तर पहिलं काम म्हणजे एका वहीत लिहून काढा. हे मला का हवंय, कोणासाठी हवंय, आणि हे अंगावर आल्यावर मी काय वेगळं करणार आहे. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण संकल्पाची खूण असेल तर संकल्पही पाहिजे ना. दारू सोडल्याची खूण असेल तर सोडून काही महिने होऊ द्या, मग करा, खूण आधी आणि संकल्प नंतर असं झालं की ती खूणच टोचायला लागते. गेलेल्या माणसासाठी असेल तर दुःखाच्या पहिल्या लाटेत अपॉइंटमेंट घेऊ नका, कारण पहिल्या महिन्यात सुचलेलं डिझाइन आणि वर्षभराने सुचलेलं डिझाइन यात खूप फरक पडतो. डिझाइन ठरलं की प्रिंट काढून रोज दिसेल अशा जागी लावा आणि निदान तीन महिने जाऊ द्या, मधे कधी नको वाटलं तर ते वाटणं पण वहीत लिहा. अंगावर कसं दिसतं ते बघायला टेम्पररी स्टिकर चालेल, पण ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं ते लावू नका, त्यात बऱ्याचदा पीपीडी हे केसांच्या डायमधलं केमिकल असतं आणि त्याने फोड येऊन कायमची ॲलर्जी होऊ शकते.

जागा कुठली? स्वतःला आठवण म्हणून असेल तर स्वतःला दिसेल अशी, मनगटाच्या आत, दंडावर. लोकांना काही सांगायचं असेल तर ती वेगळी. पाठीवरचं तुम्हाला आरशाशिवाय दिसणार नाही, पण काहींना तेच हवं असतं, की आहे हे मला माहीत आहे तेवढं पुरे. बोटं, तळहात, तळपाय इथलं लवकर फिकं पडतं.

दुसऱ्यांच्या परंपरेतली नक्षी घेताना जरा थांबा. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा, ता मोको हा गोंदणाचा प्रकार वंशावळीशी बांधलेला असतो, नुसती नक्षी नसते ती, आणि बाहेरच्या माणसासाठी त्यांच्यात किरितुही नावाचा वेगळा प्रकार आहे, तेव्हा आवड असेल तर त्यांच्याच कलाकाराकडून तो घ्या. थायलंडचं साक यांत हे पवित्र गोंदण घ्यायचं असेल तर ते देणारे आजान म्हणजे गुरू सोबत पाळायचे नियमही सांगतात, ते पाळायची तयारी नसेल तर घेऊच नये असं मला वाटतं. आणि मंत्र किंवा ओळ गोंदवायची असेल तर ती भाषा नीट येणाऱ्या दोघांकडून तपासून घ्या, स्टेन्सिल म्हणजे सुईआधी कातडीवर उमटवतात तो छाप अंगावर लागल्यावर परत एकदा रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ बघा. देवनागरी फार बारीक घेऊ नका, वर्षांनुवर्षं शाई थोडी पसरते आणि मात्रा एकमेकींत मिसळून जातात.

आता कलाकार. श्रद्धेने सुई निर्जंतुक होत नाही, हे अगदी मनापासून सांगते. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई एकदाच वापरायच्या छोट्या कपात ओतलेली हवी, ग्लोव्ह्ज नवीन हवेत, परत वापरायची अवजारं असतील तर ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र आहे का विचारा, नुसतं स्पिरिटने पुसणं किंवा उकळणं पुरेसं नाही. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून जातात, तेव्हा इथे संकोच करू नका. पिअर्सिंग असेल तर गन नको, पोकळ सुईनेच करा. गनमधे बोथट दागिना जोरात आत ढकलला जातो, त्याने कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागातलं मऊ हाड चेपतं, आणि बऱ्याच गन प्लॅस्टिकच्या असल्याने ऑटोक्लेव्हमधे टाकताही येत नाहीत. पहिला दागिना इम्प्लांट ग्रेड म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमचा, एएसटीएम एफ-१३६ लिहिलेला घ्या, निकेलची ॲलर्जी खूप जणांना असते. घरी, मित्राकडून, जत्रेत बसलेल्याकडून नाही. डागणं, कातडीत हुक घालून लटकणं वगैरे प्रकार लेख वाचून करायचे नाहीतच, त्यासाठी प्रशिक्षित आणि अनुभवी माणसंच लागतात.

डायबेटिस असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आधीच्या जखमांवर केलॉइड म्हणजे फुगीर व्रण आला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरोदर असाल तर नंतर करा.

उपासाचं जरा सविस्तर सांगते कारण इथे खूप जण अडकतात. खूण श्रद्धेची आहे म्हणून उपाशी पोटी जायचं असं वाटतं, भावना पूर्ण समजते, पण उपाशी माणसाला सुईखाली चक्कर यायची शक्यता खूप वाढते. मग असं करा की व्रत आदल्या दिवसापर्यंत ठेवा आणि त्या दिवशी दोन तास आधी नीट जेवून, पाणी पिऊन ते सोडा, सोडणं हाही विधीचाच भाग धरा. आदल्या रात्री दारू नाही, झोप पूर्ण.

स्टुडिओत काय हवंय ते आधीच बोलून ठेवा. शांतता हवी, जप चालू ठेवायचाय, सुरुवातीला दोन मिनिटं डोळे मिटून बसायचंय, एक माणूस सोबत हवाय, हे सगळं चांगले कलाकार ऐकतात, फक्त आयत्या वेळी सांगू नका. धूप किंवा दिवा घरून निघण्याआधी लावा, तिथे स्वच्छ हवा महत्त्वाची. सुई चालू झाली की श्वास सोडताना लांब सोडा, दात आवळू नका, दुखण्याशी झगडायचं नाही आणि त्यात मोठेपणाही शोधायचा नाही. कानात आवाज यायला लागला, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच थांबवायला सांगा, आडवे व्हा. थांबल्याने संकल्प मोडत नाही.

काही जण गेलेल्या माणसाची थोडी राख शाईत मिसळायला सांगतात. मला विचाराल तर राख हातात धरून बसा, शाईत नको, कारण तो कण कातडीत काय करेल सांगता येत नाही. तसंच ताज्या जखमेवर पवित्र पाणी, राख, तेल काहीही लावायचं नाही.

आणि मग जखम भरणं, माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा भाग. शाई वरच्या कातडीत नसते, ती खालच्या थरात जाते आणि तिथल्या पेशी तिला परकी समजून गिळतात, तशीच धरून ठेवतात. उंदरांवरचं एक फ्रेंच संशोधन २०१८ मधे आलं, त्यात दिसलं की त्या पेशी मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी उचलतात. म्हणजे खूण एकदाच केली तरी शरीर ती सतत सांभाळत असतं. आपण काही आठवडे तरी सांभाळायला हरकत नाही. रोज ठरलेल्या वेळी हात धुवा, बिनवासाच्या साबणाने हलकेच धुवा, टिपून कोरडं करा, सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा, आणि तेवढ्यात ‘हे मला का हवंय’ याचं वहीत लिहिलेलं उत्तर मनात म्हणा. खपली खाजवायची नाही, खाज सुटली की हात मागे घेणं हीच त्या दिवसाची साधना समजा. टॅटूची वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरते, तोवर पोहणं नाही आणि नदीतलं पवित्र स्नानही नाही, ऊन पण टाळा.

पिअर्सिंगला जास्त धीर लागतो. कानाची पाळी ६ ते ८ आठवडे, कूर्चा ६ महिने ते वर्ष, नाभीलाही जवळपास तेवढंच. दिवसातून एकदा-दोनदा ०.९ टक्के सलाइनचा स्प्रे, दागिना फिरवायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. सूज उतरली की सुजेला जागा राहावी म्हणून आधी घातलेली लांब दांडी बदलून आखूड घालून घ्या.

थोडा लालसरपणा आणि पांढुरकं पाणी चालतं. पण लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, कूर्चेचं इन्फेक्शन तर अजिबात अंगावर काढू नका. दागिना स्वतः काढू नका, भोक बंद होऊन पू आत कोंडतो. टॅटूत लाल रंगाची रिॲक्शन त्यातल्या त्यात जास्त दिसते, ती कधी कधी वर्षांनी पण येते, तेव्हा जुना टॅटू उंचावला किंवा खाजू लागला तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदान करत असाल तर रक्तपेढीत टॅटू किंवा पिअर्सिंगची तारीख सांगा, बऱ्याच ठिकाणी काही महिने थांबायला सांगतात.

पुढे कधी अर्थ बदलला तर घाबरून लगेच लेझरकडे धावू नका. लेझरला अनेक सेशन्स लागतात, दोन सेशनमधे काही आठवडे जावे लागतात, हिरवा-निळा रंग चिवट असतो. आधी त्याच वहीत नवीन पान घ्या, काय बदललं ते लिहा, मग तसंच ठेवायचं, त्यात भर घालायची की काढायचं हे परत तीन महिने घेऊन ठरवा.