अण्णांची एस्टीम परत रोजच्या वापरात

अण्णांची २००४ ची मारुती एस्टीम गाडी चार वर्षं शेडमधे झाकून उभी होती, विकायचा विषय काढला की आईचा चेहरा पडायचा, म्हणून ठरवलं की साताऱ्याहून वाईला रोज हिनंच जायचं. बॅटरी नवीन टाकली, जुनं पेट्रोल काढलं, ऑइल बदललं, गाडी सुरू झाली. पण यवतेश्वरचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा थेट वर! मिस्त्री म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागंल. मी म्हटलं दादा थांबा, ऑइलच्या काडीला दुधाळ काहीच नाही, म्हणजे ऑइलमधे पाणी मिसळल्याचं दिसत नाही, आधी साधं बघू. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम असताना कधीच उघडू नका, वाफेनं भाजतं) तर आत तांबडं गंजाचं पाणी आणि पांढरा थर, कारण आमच्याकडं वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी ओतलं जायचं आणि त्या क्षारानं नळ्या बुजल्या होत्या. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवला, साधारण ८२ अंशाला उघडायला लागायला पाहिजे, हा उकळी फुटली तरी ढिम्म.

मग थर्मोस्टॅट, होज पाईप, झाकण नवीन, रेडिएटर साफ, आणि निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

टायमिंग बेल्ट आणि ब्रेक शूपण बदलले. टायरची नक्षी चांगली होती पण कडेला २३१२ लिहिलेलं, म्हणजे २०१२ च्या २३व्या आठवड्यात बनलेले, रबर फार जुनं, म्हणून चारही काढले.

रविवारी आईला घेऊन कासला गेलो. काटा मध्यावरनं हलला नाही, आई सगळी वाट खिडकीला हात ठेवून बसली होती, अण्णा चालवायचे तेव्हा बसायची तशी.