इंग्लंडमध्ये लायसन्स काढताना

भारतातल्या लायसन्सवर इथे पहिले 12 महिने गाडी चालवता येते. त्यामुळे नवीन आलेली बहुतेक मंडळी घर, बँक, मुलांची शाळा यांत गुंततात आणि लायसन्सचं 'बघू नंतर' म्हणून राहून जातं. नर्सिंगमध्ये, केअरच्या कामात किंवा जिथे बस तासाला एक अशा गावात येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की पहिल्याच महिन्यात लायसन्सच्या मागे लागा. हे 12 महिने मोजले जातात ते तुम्ही इथे राहायला लागल्या दिवसापासून, गाडी घेतल्यापासून नाही. घरोघरी जाऊन रुग्णांना भेट द्यायच्या नोकरीत तर जाहिरातीतच इथलं पूर्ण लायसन्स मागतात.

ज्या देशांचं लायसन्स इथे सरळ बदलून मिळतं, त्यांच्या यादीत भारत नाही. नाशिक-मुंबई घाट वर्षानुवर्षं चढलेला असो, थिअरी आणि प्रॅक्टिकल या दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात.

सुरुवात प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सने. डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर 34 पौंड भरले की घरबसल्या अर्ज होतो. मागच्या 3 वर्षांचे पत्ते विचारतात, म्हणजे भारतातला पत्ताही लागतो. तो तारखांसकट हाताशी ठेवा. घाई करायची ती प्रॅक्टिकलच्या तारखेसाठी. बऱ्याच केंद्रांवर महिनोन्‌महिने तारीख मिळत नाही, आणि थिअरी पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकल बुक करता येत नाही. थिअरीचा निकाल 2 वर्षं चालतो, तेव्हा ती लवकर देण्यात तोटा काहीच नाही.

थिअरीत 50 प्रश्न, 57 मिनिटं, पास व्हायला 43 बरोबर हवेत. 'हायवे कोड' हे इथल्या रस्त्याच्या नियमांचं पुस्तक नीट वाचलं तर हा भाग जमतो. खरी मेख आहे थिअरीच्या दुसऱ्या भागात, हॅझर्ड परसेप्शनमध्ये, म्हणजे धोका ओळखण्यात. रस्त्याच्या 14 क्लिप दाखवतात, धोका आकार घेऊ लागला की क्लिक करायचं. 75 पैकी 44 गुण लागतात. आपल्या रस्त्यांवर चालवलेल्या माणसाला धोका फार लवकर दिसतो. दोन गाड्यांच्या फटीतून कोणीतरी येणार हे आपल्याला येण्याआधीच कळतं, आपण तेव्हाच क्लिक करतो आणि गुणांची वेळ त्यानंतर सुरू होते. म्हणून संशय आला तेव्हा एकदा आणि धोका प्रत्यक्ष घडू लागला की पुन्हा एकदा क्लिक करायची सवय मी लावून घेतली. मात्र सारखं क्लिक करत राहिलं तर त्या क्लिपचे शून्य गुण मिळतात.

प्रॅक्टिकलबद्दल जास्त सांगायला हवं, कारण अनुभवी माणसं इथेच अडतात. गाडी डावीकडूनच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सगळं ओळखीचं वाटतं. पण सुमारे 40 मिनिटांच्या त्या परीक्षेत एक्झॅमिनर तुमच्या हातांइतकेच तुमचे डोळे बघत असतो. सिग्नल देण्याआधी आरसा, वेग बदलताना आरसा, बाजूने निघताना खांद्यावरून मागे नजर. 15 पर्यंत किरकोळ चुका चालतात. एकच गंभीर चूक झाली की नापास. माझी इन्स्ट्रक्टर म्हणायची, "तू बघतेस हे मला दिसलं पाहिजे." रिव्हर्स घेताना आपल्याकडे मागे कोणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत उभं असतं. इथे मान वळवून मागच्या काचेतून सतत आपणच बघायचं, आणि कोणी चालत आलं की थांबायचं.

राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम दोन दिवसांत पाठ होतो. वेळ लागतो तो विश्वास बसायला. समोरचा नियम पाळणारच, हे आपल्या अंगात नसतं, म्हणून जागा असूनही आपण थांबून राहतो. विनाकारण रेंगाळणं हीसुद्धा चूक धरतात. हेडलाइटचंही तसंच. आपल्याकडे अप्पर-डिप्पर म्हणजे 'मी येतोय, थांब'. इथले लोक बहुधा 'जा तू' या अर्थाने लाइट मारतात. हायवे कोडप्रमाणे तो फक्त आपण आहोत हे कळवण्यासाठी असतो, तेव्हा लाइट बघून निघू नका, रस्ता बघून निघा. आणि वळताना, त्या रस्त्याच्या तोंडाशी ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. 2022 च्या जानेवारीत आलेला हा बदल मला मनापासून पटतो. चालणाऱ्याचा असा मान आपल्या गावातही असावा, असं वळताना दर वेळी वाटतं.

क्लासचे पैसे वाचवू नका. वर्षानुवर्षांची सवय आपली आपल्याला दिसत नाही, शेजारी बसलेल्या शिकलेल्या माणसाला दिसते. परीक्षा केंद्राच्या आसपासच्या रस्त्यांवर सराव करा. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं, हे आधी ठरवून ठेवा. 12 महिने उलटले आणि पास झालेला नसाल, तर भारतीय लायसन्सवर एकट्याने चालवणं बंद. मग गाडीला लाल 'एल', आणि शेजारी 21 वर्षांपुढची, 3 वर्षांपासून पूर्ण लायसन्स असलेली व्यक्ती लागते. विम्याचंही त्याप्रमाणे बघावं लागतं.

पास झाल्यावर पहिली 2 वर्षं जपायची असतात. या काळात नियम मोडल्याचे 6 पेनल्टी पॉइंट लायसन्सवर जमा झाले की लायसन्स रद्द होतं, आणि प्रोव्हिजनल, थिअरी, प्रॅक्टिकल सगळं पहिल्यापासून. गाडी चालवताना फोन हातात धरला तर 6 पॉइंट एका झटक्यात लागतात, वर 200 पौंड दंड. सिग्नलला थांबलेले असलात तरीही. फोनचा स्टँड पहिल्याच दिवशी बसवून घ्या, आणि मॅप गाडी सुरू करण्याआधी लावा.