ईसीजी काढताना या चुका टाळा

सांगलीत ईसीजी काढता काढता माझी 22 वर्षं गेली. शिकायला येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये एक चूक ठरलेली: लाल आणि पिवळी वायर एकमेकींच्या जागी. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण पेशंटसमोर उभं राहिलं की आपली उजवी बाजू तीच त्याची वाटते.

फळछाटणीच्या दिवसांत तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते, छातीत दुखतंय म्हणून. शिकाऊ मुलानं ईसीजीची पट्टी काढली. लीड वनमध्ये, म्हणजे डाव्या हाताकडून हृदय बघणाऱ्या रेघेत, ठोक्याच्या पी, क्यूआरएस, टी या लाटा, सगळंच उलटं. कुणीतरी म्हणालं, हृदय उजवीकडं दिसतंय. ते बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोनं ऐकलं आणि ती रडायला लागली. मी पट्टी बघितली तर व्ही वनपासून, म्हणजे छातीवरच्या पहिल्या लीडपासून, आरची लाट (क्यूआरएसमधली वर उठणारी) नेहमीसारखी चढत गेलेली. हृदय खरंच उजवीकडं असतं तर ती पुढं पुढं बारीक होत गेली असती. आत जाऊन मनगटं बघितली. लाल चिमटा डाव्या हाताला! छातीत दुखणाऱ्याची पट्टी दहा मिनिटांत डॉक्टरांसमोर पाहिजे, आम्ही अर्धा तास घालवला. मला आजही ते लागतं.

हृदयाचं वायरिंग एकदा नीट समजून घ्या. ठोका सुरू होतो एसए नोडमध्ये, उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या अंगाला. तिथून वीज डावीकडं आणि खाली पसरते. एव्ही नोडमध्ये ती साधारण 0.1 सेकंद रेंगाळते, तेवढ्यात कर्णिकांतलं रक्त जवनिकांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, उतरतं. मग हिज बंडल आणि पर्किंजे तंतूंतून ती जवनिकांत पोचते. लीड वन डाव्या हाताकडून बघतं, म्हणून तिथं पी वर उठतो. तो खाली दिसला आणि उजव्या हाताकडून बघणाऱ्या एव्हीआर लीडमध्ये वर दिसला, तर आधी मनगटं तपासा, निदान नंतर. हे समजायला तासभर पुरतो, पण मुलांना पहिल्याच दिवशी मशीनचं बटण दाबायची घाई असते.

मी पेशंटलाच सांगतो, "आबा, उजवा हात जरा वर करा." जो हात वर येतो त्याला लाल.

दुसरी चूक थरथरीची. थंडीत कुडकुडणाऱ्याची रेघ अशी हलते की नवखा एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिका फडफडून ठोके अनियमित पडणं) म्हणून मोकळा होतो. आर ते आर अंतर मोजा. ते सारखं असेल तर घाई करू नका. नुसता उजवा हात कापत असेल तर लीड थ्री स्वच्छ येतं, कारण त्यात उजवा हातच नाही. तिथं पी शोधा. मी घोंगडी पांघरून पाच मिनिटं थांबतो आणि पट्टी परत काढतो.

व्ही वन, व्ही टू अंदाजानं वर लावू नका. उरोस्थीवरचा (छातीच्या मधल्या हाडावरचा) उंचवटा बोटानं चाचपा, शेजारी दुसरी बरगडी लागते, तिथून बरगड्यांमधल्या चौथ्या फटीपर्यंत उतरा.

छातीवर जेलचा एकच लांब पट्टा ओढू नका, लीड एकमेकांत मिसळतात.

वेग सेकंदाला 25 मिमी आणि उंची मिलिव्होल्टला 10 मिमी आहे का, दर पट्टीवर बघा. मशीननं वर छापलेलं निदान मी शेवटी वाचतो.

आणि नाव, वेळ, दुखणं आत्ता आहे की थांबलंय, हे पेशंट खाटेवर असतानाच पट्टीवर लिहा.