घर विकताना आणि घेताना चांगला एजंट कसा निवडायचा

आम्ही आमचं जुनं घर विकलं आणि जवळजवळ त्याच वेळी दुसरं घेतलं, आणि या सगळ्यात तीन एजंटांशी संबंध आला. पहिल्याच्या वेळी सपशेल चुकलो, नंतरच्या दोघांच्या वेळी नीट विचारून-बघून निवडलं. त्यातून जे कळलं ते सगळं लिहितोय, कारण घराचा व्यवहार आपण आयुष्यात एकदा नाहीतर दोनदा करतो आणि समोरचा एजंट महिन्याला करतो, हा फरक खूप मोठा आहे.

आधी आमची चूक सांगतो. घर विकायचं ठरल्यावर तीन एजंटांना बोलावलं, तिघांना किंमत विचारली, आणि ज्याने सगळ्यात जास्त आकडा सांगितला त्याला काम दिलं. वाटलं याला आपल्या घराची किंमत कळली. झालं काय, की त्याने तीन महिन्यांचा करार करून घेतला, फक्त त्याच्याकडूनच विकायचं असा, पहिले सहा आठवडे बघायला जेमतेम दोन माणसं आली, आणि मग त्याचे फोन सुरू झाले, मार्केट थंड आहे, थोडं खाली येऊया. खाली आलो. परत पंधरा दिवसांनी तेच. तोपर्यंत घर इतके दिवस जाहिरातीत दिसत होतं की येणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारायचा, इतके दिवस का पडून आहे, काही लफडं आहे का. ज्या दुसऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला न आवडणारा आकडा सांगितला होता, शेवटी त्यांच्याकडेच गेलो, आणि घर त्यांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षाही थोडं कमीतच गेलं, कारण मधले महिने वाया गेले होते.

काम मिळवण्यासाठी किंमत फुगवून सांगणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. त्यामुळे आकडा ऐकला की लगेच विचारायचं, हा कशावरून काढला. चांगला एजंट तुमच्यासारखी घरं, म्हणजे तेवढाच एरिया, साधारण तेवढंच जुनं बांधकाम, तोच परिसर, गेल्या तीन ते सहा महिन्यांत *प्रत्यक्ष कितीला विकली गेली* ते दाखवतो. जाहिरातीत मागितलेली किंमत दाखवत असेल तर तो पुरावा नाही, मागायला कोणी काहीही मागतं.

आता कमिशनचं गणित. हे एकदा डोक्यात बसलं की एजंटच्या बऱ्याच वागण्याचा उलगडा होतो. समजा कमिशन २ टक्के आहे. तुमचं घर ५ टक्के जास्त किमतीला गेलं तर तुम्हाला ते जवळजवळ सगळे ५ टक्के मिळतात, एजंटला मात्र त्या वाढीव ५ टक्क्यांचे २ टक्के, म्हणजे घराच्या किमतीच्या ०.१ टक्के. तेवढ्यासाठी अजून महिनाभर फोन करायचे, माणसं घेऊन फिरायचं, हे त्याला परवडत नाही. त्याच्या दृष्टीने आज झालेली डील चांगली. माणूस वाईट असतो असं नाही, पैशाची रचनाच तशी आहे. २००८ साली स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या आसपासच्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण ३.७ टक्के जास्त किमतीला जातं आणि साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहतं. म्हणजे स्वतःचं असलं की थांबतात. म्हणून एजंटने "ही ऑफर घेऊन टाका" म्हटलं की शांतपणे विचारा, हे तुमचं घर असतं तर तुम्ही घेतली असती का, आणि का. उत्तरात कारणं आली तर ऐका, नुसती घाई आली तर थांबा.

शोधायचं कुठे? ओळखीतून नाव मिळालेलं केव्हाही बरं, पण "माणूस चांगला आहे का" असं विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. विचारायचं असं, की तुमच्या व्यवहारात कुठे अडकलं होतं का आणि तेव्हा याने काय केलं. घराच्या व्यवहारात कुठेतरी अडकतंच, लोन लांबतं, एखादा कागद सापडत नाही, समोरची पार्टी ऐन वेळी किंमत पाडायला बघते. त्या आठवड्यात एजंट फोन उचलत होता की नाही हेच खरं सर्टिफिकेट. आणि हो, ज्याने नाव सुचवलं त्याने स्वतः त्याच्याकडून घर घेतलंय की विकलंय तेही विचारा, दोन वेगळी कामं आहेत, एकात हुशार असलेला दुसऱ्यात असेलच असं नाही.

ऑनलाइन रिव्ह्यू बघा पण नुसते स्टार मोजू नका. त्यापेक्षा त्याच्या चालू जाहिराती उघडा. फोटो अंधारे, आडवे-तिडवे, बेडवर कपड्यांचा ढीग, माहितीत एरिया चुकीचा, मजला दिलेलाच नाही, असं दुसऱ्याच्या घराचं करत असेल तर तुमच्या घराचंही तेच होणार. आम्हाला घ्यायचंही होतं म्हणून आम्ही आधी काही एजंटांच्या जाहिरातीतली घरं बघायला गेलो, आणि तिथेच कळलं कोण परत फोन करतं, कोण वेळेवर येतं, आणि कोण मालकाच्या अडचणी पहिल्या पाच मिनिटांत आमच्यासमोर उघड करतं. मालकाला पैशाची घाई आहे, खाली येईल, असं एकाने आम्हाला जिन्यातच सांगितलं. ऐकताना फायद्याचं वाटलं, पण उद्या आपण मालक असू तेव्हा हा आपल्याबद्दलही असंच बोलेल, म्हणून त्याचं नाव काढून टाकलं.

बहुतेक ठिकाणी एजंटला सरकारी नोंदणी किंवा लायसन्स लागतं. नंबर मागा आणि नियामकाच्या साइटवर स्वतः तपासा, चालू आहे का, कुणी तक्रार केलीय का. पाच मिनिटांचं काम आहे. जो नंबर द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही.

मग निदान तिघांना घरी बोलवा आणि ते घर कसं बघतात याकडे लक्ष द्या. पहिला एजंट आमच्या हॉलमध्ये बसूनच आकडा बोलला होता. मॅडमनी आल्या आल्या टेप काढली, प्रत्येक खोली मोजली, बाथरूममधला नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, बेडरूममधलं कपाट थोडं सरकवायला लावलं आणि मागच्या ओल्या भिंतीला हात लावला. आम्ही म्हटलं रंग मारून घेऊ. त्या म्हणाल्या, "नुसता रंग मारू नका हो, घेणारा पण कपाट सरकवणार. लीकेज काढून घ्या आणि पावती जपून ठेवा, विचारलं की पावती दाखवू." नंतर फाइल मागितली, मूळ कागदपत्रं कुठे आहेत, घरावर लोन आहे का, बँकेकडून कागद सुटायला किती दिवस लागतील, घर कुणाकुणाच्या नावावर आहे आणि ते सगळे सहीला हजर राहू शकतात का. हे त्यांनी जाहिरातीचा शब्दही काढायच्या आधी विचारलं. कागदांवरून अडलेली डील किमतीवरून अडलेल्या डीलपेक्षा जास्त त्रास देते, त्यामुळे जो एजंट पहिल्या भेटीत कागद बघत नाही त्याच्यावर माझा तरी भरवसा बसत नाही.

त्या भेटीत अजून थोडं विचारून घ्या: गेल्या वर्षात याच परिसरात किती घरं विकली, मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यात फरक किती पडला, आत्ता हातात किती घरं आहेत (खूप असतील तर तुमच्याकडे कोण बघणार, तो स्वतः की त्याचा असिस्टंट), आणि शेवटची फिसकटलेली डील कोणती व का फिसकटली. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझी डील कधी फिसकटतच नाही म्हणणारा एकतर नवीन असतो नाहीतर खरं सांगत नाही.

घर घेताना गोष्ट थोडी वेगळी. पहिलं म्हणजे जाहिरातीवर नंबर असलेला एजंट हा मालकाचा माणूस असतो, कितीही गोड बोलला तरी. त्याला तुमचं जास्तीत जास्त बजेट, जुनं घर कधी रिकामं करायचंय, हे घर किती आवडलंय, यातलं काही सांगायचं नाही. काही वेळा एकच एजंट दोन्ही बाजूंनी असतो आणि दोघांकडून कमिशन घेतो. काही देशांत याला बंदी आहे, काही ठिकाणी दोघांची लेखी संमती लागते, काही ठिकाणी सर्रास चालतं. चालत असलं तरी तोंडावर विचारा, या व्यवहारात तुम्ही कुणाच्या बाजूने आहात आणि तुम्हाला पैसे कोण कोण देतंय. दोन्हीकडून असेल तर तो तुमच्यासाठी भाव पाडून देईल ही आशा सोडा, भाव तुम्हालाच करायचा आहे.

स्वतःसाठी एजंट नेमलात तर त्याची परीक्षा सोपी आहे. दोन-तीन घरांना "नको" म्हणा आणि कारण सांगा. पुढचं घर तुमच्या कारणाप्रमाणे बदललेलं असेल तर तो ऐकतोय. परत तसंच, फक्त जरा महाग घर दाखवलं तर तो त्याचा माल खपवतोय. आम्हाला एक घर सकाळी बघून फार आवडलं होतं, टोकन द्यायला निघालोच होतो, तेव्हा आमचा एजंटच म्हणाला संध्याकाळी सातला एकदा या. सातला त्याने आम्हाला बेडरूमच्या खिडकीत उभं केलं आणि खिडकी उघडली. खालच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, हॉर्न, खोलीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. त्याचं कमिशन त्या दिवशी गेलं, पण पुढे आम्ही घर त्याच्याकडूनच घेतलं, आणि नंतर ओळखीच्या चार जणांना त्याचा नंबर दिला.

वकील आणि घर तपासणारा माणूस मात्र स्वतः शोधा. एजंट सुचवेल, कदाचित चांगलेही असतील, पण ज्याला एजंटकडून कामं मिळतात तो डील मोडेल असं काही बोलताना दहादा विचार करणार.

विकणं आणि घेणं दोन्ही एकदम करायचं असेल तर एजंटला थेट विचारा, असे जोडलेले व्यवहार किती केलेत आणि तारखा कशा जुळवल्यात. जुनं आधी विकून थोडे दिवस भाड्याने राहायचं, की विकल्यावरही काही आठवडे त्याच घरात राहायची मुभा करारात लिहून घ्यायची, की जुनं विकलं गेलं तरच नवं घेऊ अशी अट घालायची, या प्रत्येकात धोका वेगळा असतो आणि चांगला एजंट तो कागदावर तारखा मांडून समजावतो. "होऊन जाईल सगळं" एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्याकडे जा.

एक इशारा कायम लक्षात असू द्या. दुसरी पार्टी आत्ताच टोकन घेऊन बसलीय, तासाभरात सांगा, असं म्हणणाऱ्याला तासाभरात काहीच सांगायचं नाही. आणि टोकन एजंटच्या खासगी खात्यात कधीच नाही, पावतीशिवाय तर नाहीच.

शेवटी करार. तोंडी काही ठेवू नका. मुदत शक्यतो तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. एकाच एजंटला काम दिलं तर तो जीव तोडून करतो हे खरं, पाच जणांना दिलं तर कुणीच मनापासून करत नाही हेही खरं, त्यामुळे एकालाच द्या पण दर आठवड्याला किती फोन आले, किती जण बघून गेले, नाही म्हणणाऱ्यांनी काय कारण दिलं हे लेखी कळवायचं, आणि तसं केलं नाही तर करार मोडता येईल, असं त्यात घाला. कमिशन व्यवहार पूर्ण झाल्यावर, टोकन मिळाल्यावर नाही. आणि एक कलम जे लोक वाचतच नाहीत: करार संपल्यावरही काही महिने, एजंटने आणलेल्या माणसाने घर घेतलं तर कमिशन द्यावं लागतं. ते कलम असणं चूक नाही, पण करार संपला त्याच दिवशी एजंटकडून त्याने आणलेल्या माणसांची नावं लेखी मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या एजंटकडून घर विकलं की पहिला येऊन म्हणतो ही पार्टी माझीच होती, आणि मग दोघांनाही द्यायची वेळ येते.